खाऱ्या पाण्याची खोली

समुद्र मांडायला काय काय लागतं याची यादी बाबांनी कधी कागदावर केली नाही. ती त्यांनी मागच्या खोलीत रचून ठेवली होती.

थोरलीने दार उघडलं तेव्हा आधी दिसली ती टाकी. लोखंडी स्टँडवर दोनशे लिटरची काच, कोरडी ठणठणीत. स्टँडच्या तीन पायांखाली रबराची एकेक चकती होती आणि खिडकीकडच्या पायाखाली दोन, कारण तिथली फरशी जरा बसली होती. टाकीच्या कडेवर पाणसळ तशीच पडून होती आणि तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाने मांडलेली टाकी केसभरही कलती असण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीकडेला खोकी होती, मोठ्यावर लहान: दिवा, हीटर, लाटा उठवणारा पंप, पाणी गाळायचं यंत्र, पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर, तपासणीच्या बाटल्या. झाकणाची दोन पिंपं, एक पांढरं आणि एक निळं. मिठाची बादली. कोरड्या दगडांचं पोतं, वाळूची दोन. निवृत्तीनंतरचे चौदा महिने बाबा एकेक वस्तू आणत होते. पंधराव्या महिन्यात एका सकाळी बाजारातून येताना ते जिन्यात दम खायला बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

"पाहिलंस?" आई दारातूनच म्हणाली. "समाधान झालं असेल तर लाव दार. धूळ घरभर होते."

"किती नीट मांडलंय गं सगळं."

"मांडलंय खरं. स्वतःचा चहाचा कप विसळायला ह्यांना वेळ नसायचा आणि निघाले होते समुद्र पाळायला."

बाबा गेले तेव्हा थोरली चार दिवसांसाठी येऊन गेली होती आणि त्या चार दिवसांत हे दार कोणी उघडलं नव्हतं. आता अडीच महिन्यांनी ती दोन महिन्यांची रजा काढून आली होती. घर व्यवस्थित होतं. आईचं जेवण वेळेवर होतं, कपडे वेळेवर वाळत होते, आणि दुपारी दोन ते पाच ती खुर्चीत नुसती बसून असायची. वाचत नव्हती, झोपत नव्हती. विचारलं तर "बसलेय की" म्हणायची.

धाकट्याचा फोन आला. "ताई, एक माणूस तयार आहे. टाकी, दिवा, पंप, सगळं एकदम उचलतो म्हणतो."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, कधी येतोय."

थोरलीने त्याच संध्याकाळी आईशी विषय काढला. तिने भाषण केलं नाही. तिला तसं येतही नव्हतं. एवढंच म्हणाली, की बाबांचं हे काम निम्म्यावर राहिलंय, ते पुरं करून बघू.

"तुझी रजा आहे, काय खेळायचं ते खेळ," आई म्हणाली. "मला त्या खोलीत बोलवायचं नाही. आणि तू गेलीस की दुसऱ्या दिवशी तो माणूस येईल. मागून माझ्या गळ्यात काही बांधून जायचं नाही, आत्ताच सांगते."

म्हणजे हिशेब सरळ होता. टाकी उभी करणं थोरलीच्या हातात होतं. ती उभी राहणं आईच्या हातात होतं, आणि आईने हात मागे बांधून घेतले होते.

बाबा ज्या दुकानातून सामान आणत ते दुकान एका तळघरात होतं. आत निळा उजेड, सगळीकडे पाण्याची खळखळ, आणि गल्ल्यावर गळ्यात चष्मा लटकवलेली एक जाड बाई. थोरलीने ओळख सांगितली तशी बाईने हातातली जाळी खाली ठेवली.

"गेले? अरे देवा. मी म्हटलं, महिना झाला, दोन झाले, फिरकले कसे नाहीत." तिने गळ्यातला चष्मा पुसला. "चौदा महिने येत होते. एकही मासा नेला नाही. असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाकीचे आधी मासा घेतात, मग विचारतात, ह्याला ठेवायचं कशात."

"मला काहीच येत नाही," थोरली म्हणाली. "सामान सगळं आहे."

"काय काय आहे, बोला."

थोरली बोलत गेली, बाई बोटांवर मोजत गेली. शेवटी म्हणाली, "खारटपणा बघायची नळी आहे?"

"आहे. छोट्या दुर्बिणीसारखी."

"झालं तर. नवखी माणसं तीच घेत नाहीत, चवीवर चालवतात. नळाचं पाणी घालू नका, गाळलेलंच घाला. मीठ ह्याच बादलीतलं, स्वयंपाकघरातलं नाही. पांढऱ्या पिंपात नुसतं गाळलेलं पाणी भरून ठेवा, निळ्यात खारं. आकडा पस्तीस. चौतीस चालेल, छत्तीस चालेल, पण रोज एकच. आणि महिनाभर मासा नाही."

"महिनाभर नुसती चालवायची?"

"नुसती. चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं. डोळ्यांना न दिसणारे जीव त्याच्यावर वाढतात. ते वाढले की पुढे माशांची घाण तेच निस्तरतात. ते नसतील तर मासा आपल्याच घाणीत मरतो. लोकांना दम निघत नाही." बाईने चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या बाबांना हे समजवावं लागलं नव्हतं. म्हणाले, नवी लिफ्ट बसवली की आम्हीही तीन दिवस ती रिकामीच वर-खाली पळवतो. माणूस चौथ्या दिवशी."

घरी येऊन थोरलीने वाळू धुतली. सात पाणी झालं तरी गढूळच. दगड रचले, पाडले, पुन्हा रचले. यंत्रातून पाणी करंगळीएवढ्या धारेने गळत होतं. दोन्ही पिंपं आणि टाकी भरायला तीन दिवस गेले. आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "नळ चालू राहिलाय का गं?" आणि "नाही" म्हटलं की पुन्हा भांड्यांचा आवाज. चौथ्या दिवशी सगळ्या वायरी एका एक्स्टेंशनच्या पाटीवर आणून थोरली बटण दाबायला वाकली आणि तशीच थांबली.

पाटीच्या वायरीला तारेने लाल पुठ्ठ्याची एक पट्टी बांधलेली होती. तसली तिने लहानपणापासून बाबांच्या डब्याच्या पिशवीत पाहिली होती. "चालू करू नये. माणूस कामावर आहे." खाली बाबांची सही आणि तारीख.

तिने आईला हाक मारली नाही. पण ती गप्प झाली हेच आईला ऐकू गेलं असावं. आई दारात येऊन उभी राहिली.

"ती पट्टी काढू नकोस."

"आई, पट्टी काढल्याशिवाय..."

"ज्याने बांधली त्यानेच सोडायची. तुला माहीत नाही का? ह्यांच्या धंद्यात दुसऱ्याची पट्टी सोडणाऱ्याला घरी बसवतात. एकाने सोडली होती एकदा, वर माणूस असताना." आईचा आवाज चढला नव्हता, पण पदर सावरावा तशी तिने दाराची चौकट धरली होती. "मी सांगत नव्हते, राहू दे म्हणून?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि थोरलीलाही ती तार पिळायचं धाडस होत नव्हतं. तिने बाबांच्या कामावरच्या जोडीदाराला, काकांना, फोन केला. तीस वर्षं दोघांनी लिफ्टच्या एकाच शाफ्टमध्ये काम केलं होतं. एक वर, एक खाली. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, धापा टाकत.

"वहिनी, लिफ्टवाल्याने तिसऱ्या मजल्यावर राहावं आणि तेही जिन्याने! मी ह्याला हजारदा म्हणालो होतो."

"आणि ते काय म्हणायचे?"

"म्हणायचा, घरी तरी ती कटकट नको."

आई किंचित हसली. बाबा गेल्यापासून थोरलीने ते पहिल्यांदा पाहिलं.

काकांनी खोलीत जाऊन आधी काहीच केलं नाही. गुडघ्यावर बसून वायरी बघितल्या, हीटर पाण्यात पुरता बुडालाय का पाहिलं, एका वायरीला खाली झोळ दिला. "पाणी वायरीवरून ओघळलं तर झोळातून खाली गळेल, पाटीत जाणार नाही," ते म्हणाले. मग पुठ्ठा हातात घेऊन सही वाचली.

"भाऊजी, सोडता येते का दुसऱ्याला?" आईने विचारलं.

"येते, वहिनी. माणूस परत येणार नसला तर येते. पण रीत आहे. जोडीदाराने जागा तपासायची. मग शाफ्टमध्ये तोंड घालून, लाइन देतोय, म्हणजे वीज सोडतोय, अशी तीनदा हाक द्यायची आणि दर हाकेनंतर थांबायचं. कोणी ओ दिली नाही, तर घरच्यांचा होकार घेऊन सोडायची."

ते उठले. खोलीत शाफ्ट नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टाकीचं झाकण सरकवून तिच्या तोंडावर वाकून, कामावर बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाले, "जोडीदार, लाइन देतोय."

थांबले. खालून रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर केलं.

"जोडीदार, लाइन देतोय."

आईने चौकट सोडली होती आणि ती खोलीत एक पाऊल आत आली होती. ऐकत होती. खरंच ऐकत होती.

"जोडीदार. लाइन देतोय."

या वेळी काका जास्त थांबले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

"द्या," आई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पंप घरघरला आणि पाणी हललं. पहिल्या दिवशी सगळं दुधासारखं पांढरं. चौथ्या दिवशी पलीकडची भिंत दिसली. थोरलीने काचेवर काळ्या शाईने पाण्याच्या पातळीची रेघ मारली. उडालेलं पाणी रोज पांढऱ्या पिंपातून भरून त्या रेघेपर्यंत आणायचं, असं बाईने बजावलं होतं. पण पाणी उडतच नव्हतं. दुपारची झोप काढून रोज संध्याकाळी बघावं तर रेघेला रेघ. टाकीवर काचेचं झाकण आहे, त्याचाच हा गुण असणार, असं तिने धरून चालवलं आणि मनातल्या मनात बाबांना शाबासकी दिली.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिने खारटपणाची नळी काढली. काचेवर दोन थेंब, वरची झडप मिटायची, आणि खिडकीकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं, दोन्ही मिळतात तिथे आकडा. सदतीस. तिने काच पुसून पुन्हा पाहिलं. सदतीस. गाळलेल्या पाण्याचा थेंब ठेवून पाहिला तर शून्य. म्हणजे नळी ठीक होती. आणखी आठवड्याने एकोणचाळीस.

ती रडकुंडीला आली, आणि कशासाठी ते तिलाही धड कळेना. बाबांनी चौदा महिने घाई केली नाही. तिने तीन आठवड्यांत नासवून ठेवलं. मीठ मोजताना चुकली असेल. पण मोजताना चुकलं तर पहिल्याच दिवशी आकडा चुकला असता. असा दर दिवसाला वर कसा चढेल? धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, राहू दे. रविवारी पाठवू का त्या माणसाला?"

बाटलीभर पाणी घेऊन ती तळघरात गेली. बाईने स्वतःच्या नळीने पाहिलं.

"एकोणचाळीस. बरोबर आहे. रोज भर कुठल्या पाण्याची घालता?"

"भर घालावीच लागत नाही. पाणी कमीच होत नाही."

बाईने नळी खाली ठेवली. "कमी होत नाही?"

"रोज रेघेवर असतं."

"ताई, माझी दुकानातली झाकणबंद टाकी रोज तांब्याभर पाणी पिते. तुमची काय बर्फाची आहे? घरात कोण कोण असतं?"

"मी आणि आई."

"मग आईला विचारा."

"आई त्या खोलीत पाऊल टाकत नाही."

"कोणीतरी टाकतंय," बाई म्हणाली. "आणि ते निळ्या पिंपाशी जातंय."

थोरली घरी पोचली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. खुर्ची रिकामी होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आई बाह्या दुमडून, स्टुलावर चढून टाकीत मग रिकामा करत होती. तो रिता झाल्यावर ती खाली उतरली, एक डोळा मिटून काळ्या रेघेच्या पातळीला आली, आणि मग पुन्हा निळ्या पिंपाकडे वळली. तेव्हा तिला थोरली दिसली.

आई दचकली नाही. "आलीस? दूध आणलंस का?"

"आई, हे कधीपासून?"

"दोन मग लागतात रोज. कधी अडीच."

"तू तर म्हणाली होतीस, मला या खोलीत बोलवू नकोस."

"मग तू कुठे बोलवलंस?"

थोरलीला हसू आलं. "निळ्यातलं का घातलंस?"

"मग कुठलं? समुद्र कमी होतोय, तर समुद्रच नको का घालायला? साधं पाणी घालून पातळ करू? एवढं कळतं मला."

"अगं, समुद्र कमी होत नाही. नुसतं पाणी उडतं. मीठ आतच राहतं, सगळंच्या सगळं. म्हणून वरून साधं घालायचं."

आईने मगाकडे पाहिलं, मग टाकीकडे. हळूच स्टुलावर बसली.

"म्हणजे मी रोज..."

"एकोणचाळीसवर नेलंस."

"मासे असते तर?"

"अवघड होतं."

"मी ह्यांना म्हणायचे," आई म्हणाली, "तुमच्या त्या खोलीत माझा हात लागणार नाही. एकदा स्टँड सरकवायला बोलावत होते. नुसतं एका बाजूने धर म्हणाले. मी नाही गेले. मग एकट्यानेच सरकवला." तिने ओला हात गुडघ्यावर पुसला. "म्हटलं, निदान पाणी तरी कमी पडू देऊ नये. तेही धड जमलं नाही."

थोरलीने मोरीतून रिकामी बादली आणली आणि आईच्या पायाशी ठेवली.

"आज एक बादली खारं काढायचं आणि एक बादली साधं घालायचं. उरलेलं उद्या. एकदम नाही. तू काढ, मी पांढऱ्या पिंपाचं बघते."

"मी काढू?"

"तूच घातलंस ना? मग?"

आईने तिच्याकडे तिरकं पाहिलं, उठली आणि बाह्या आणखी वर घेतल्या. बादली भरली, रिकामी झाली. नव्या पाण्याची भर झाल्यावर तासाभराने थोरलीने नळी आईच्या हातात दिली. आईला एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवणं जमेना. शेवटी तिने तळहाताने डोळा झाकला.

"निळं दिसतंय. खाली पांढरं. मध्ये... सदतीस?"

"सदतीस."

"उद्या पस्तीस."

"उद्या पस्तीस."

रविवारच्या आदल्या दिवशी धाकट्याचा फोन आला. त्या माणसाला टेम्पो मिळाला होता. आईने फोन थोरलीच्या हातातून घेतला.

"टेम्पो कशाला? अरे, ती भरली आहे आता. भरलेली टाकी उचलतो का तो? ... रिकामी? रिकामी कोण करणार? मी नाही करणार. आणि हे बघ, मी कामात आहे, माझे हात ओले आहेत."

त्यानंतर दुपारी दोनला थोरली मुद्दाम खाली जायची आणि रस्त्याच्या दोन फेऱ्या मारून यायची. पांढऱ्या पिंपाची पातळी रोज दोन मगांनी खाली गेलेली असायची. तपासणीच्या बाटल्यांतले रंग आधी हिरवे झाले, मग जांभळे झाले, मग एका सकाळी तपासणीच्या दोन्ही नळ्यांत पाणी पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ राहिलं; न दिसणारे जीव घाण निस्तरू लागले होते. थोरलीच्या रजेचे पाच दिवस उरले होते. बाईकडून मासा आणायचा म्हणून ती निघाली तर आई म्हणाली, "मासा लगेच नको. आधी गोगलगायी. काचेवरचं शेवाळ खातात."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी गेले होते परवा. चांगली आहे बाई, फक्त बोलते फार."

शेवटच्या दिवशी सकाळी आई पुन्हा एकटीच तळघरात जाऊन आली. हातात पाण्याने फुगलेली पिशवी, तिच्यात पाच गोगलगायी, नखाएवढ्या. टॅक्सी साडेअकराला होती. आईने पिशवी भांड्यात रिकामी केली, टाकीतून बारीक नळी घेतली, नळीला गाठ मारली आणि थेंब थेंब पाणी भांड्यात पडू लागलं. तासभर असंच चालवायचं होतं. एकदम टाकीत घातलं तर त्या जिवांना पाण्यातला फरक सोसत नाही.

थोरली बॅग भरून आली तेव्हा आई स्टुलावर बसली होती, नळीची गाठ चिमटीत. खाली हॉर्न वाजला. दर वेळी आई खाली यायची, टॅक्सीच्या खिडकीतून हात घालून तिच्या गालाला लावायची, ड्रायव्हरला "सावकाश घ्या हं" सांगायची.

"मी काही येत नाही खाली," आई म्हणाली. "गाठ सैल झाली तर सगळं पाणी एकदम येईल."

"नको येऊस."

"पोचलीस की फोन कर. दोनला करू नकोस पण."

"नाही करत."

थोरली खांद्यावर बॅग घेऊन आईशेजारी वाकली. भांड्यातल्या एका गोगलगायीने शंखाचं झाकण उचललं होतं आणि खालून काहीतरी मऊ, राखाडी, जिभेच्या टोकासारखं बाहेर येत होतं. दोघी बघत राहिल्या. हॉर्न पुन्हा वाजला.

"जा गं, ओरडतोय तो," आई नळीवरची नजर न काढता म्हणाली. "दार नुसतं ओढून घे. कडी मी मग लावते."